धमकीचा फोन आणि कोर्टाचा कागद

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय तुझा तू ठरव म्हणाले. माझ्याआधी दोघांनी शाळेच्या आठवणी इतक्या छान सांगितल्या की त्यात भर घालायला मी धजणार नाही. मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. वकिलाकडे माणूस आनंदात असताना येत नाही, त्यामुळे माझा विषयही मेळाव्याला शोभणारा नाही. क्रेडिट कार्डाचं थकलेलं देणं आणि त्याच्या मागून येणारी कोर्टाची भीती, याबद्दल मी बोलणार आहे.

हाच विषय का, ते तुमच्यापैकी सात-आठ जणांना ठाऊक आहे. गेल्या श्रावणात तुम्हाला अनोळखी नंबरांवरून फोन आले. आपल्या एका वर्गमित्राचं नाव घेऊन समोरचा म्हणाला, "तो फ्रॉड आहे, त्याला पैसे भरायला सांगा, नाहीतर तुमचंही नाव केसमध्ये येईल." कुणी फोन ठेवून दिला, कुणी घाबरून ऐकून घेतलं. एकाने आपल्या ग्रुपवर विचारलं, "अरे, हे काय प्रकरण आहे?" त्यात वाईट हेतू नव्हता. पण त्याच रात्री तो मित्र ग्रुपमधून बाहेर पडला आणि आजही तो इथे नाही. त्याला विचारूनच मी बोलतोय. "नाव घेऊ नकोस, बाकी सगळं सांग," असं त्याने मला परवा सांगितलं.

त्याची हकीकत अगदी साधी आहे. वडिलांच्या आजारपणात विमा अपुरा पडला, रुग्णालयाच्या काउंटरवर कार्ड पुढे केलं. पुढच्याच वर्षी नोकरी गेली. मग एका कार्डाचे पैसे भरायला दुसरं, दुसऱ्याचे भरायला तिसरं. उधळपट्टी नव्हती. आणि असती तरी कायदा तोच लागला असता, म्हणून त्या चर्चेत मी जात नाही.

समोर आपले गणिताचे सर बसले आहेत, म्हणून आकडे जपून मांडतो. समजा कार्डावर १,००,००० रुपये बाकी आहेत. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, हा दर बऱ्याच कार्डांवर दिसतो. म्हणजे ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ६३० रुपये. झाले ४,१३०. आता बिलावर ठळक अक्षरांत छापलेली 'किमान देय रक्कम' पाच टक्के धरा, म्हणजे ५,०००. ती तुम्ही मुकाट्याने भरलीत, तर बाकी कमी होते फक्त ८७० रुपयांनी. सहा महिने असंच चाललं तर तीस हजारांच्या जवळपास खिशातून जातात आणि देणं घटतं पाच हजारांनी. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, त्या दिवसापासूनच व्याज सुरू. आपला मित्र किमान रक्कम अडीच वर्षं नेमाने भरत होता. आपण कर्ज फेडतोय असंच त्याला वाटत होतं.

यावर आपल्याकडे लोक हमखास दामदुपटीची आठवण काढतात. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा जुना हिंदू कायद्याचा नियम मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत. पण बँकेच्या कार्डाबाबत त्या भरवशावर राहू नका. बँकेने लावलेलं व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाने व्यवहार उकरून काढू नये, असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१अ सांगतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरचं व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. मला व्यक्तिशः हा निकाल रुचलेला नाही, पण आज तो कायदा आहे.

आता फोनकडे वळू. फोनवरचा माणूस तीन गोष्टी हमखास सांगतो. उद्या पोलीस येतील, ४२० लागेल, वॉरंट निघालंय. गंमत म्हणजे १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता ३१८ झालं, पण या लोकांचं ४२० काही सुटत नाही. कार्डाचं देणं थकणं हा गुन्हा नाही. तो दिवाणी व्यवहार आहे. पैसे बुडवायचेच या इराद्याने, खोटी माहिती देऊन कार्ड काढलं असेल तर गोष्ट वेगळी. नोकरी गेली म्हणून हप्ते थकले, ही फसवणूक होत नाही.

इतिहासाच्या बाईंनी आपल्याला १८७५ चे दख्खनचे दंगे शिकवले होते. पुणे जिल्ह्यात सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली आणि शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे जाळले, एवढं परीक्षेपुरतं आपल्या लक्षात राहिलं. त्याचा पुढचा धागा मला वकिली करताना सापडला. त्या दंग्यांनंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करणं त्याने बंद केलं. म्हणजे कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला कोंडायचं का, हा वाद आपल्याच मातीत दीडशे वर्षांपूर्वी झालाय. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात तेच सगळ्या देशासाठी स्पष्ट केलं: हुकूमनामा झाला तरी केवळ ऐपत नाही म्हणून तुरुंग नाही. ऐपत असून बदनियतीने पैसे दडवले, मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर फिरवली, तर मात्र आहे.

फौजदारी बाजू एकाच दाराने आत येते आणि ते दार बहुतेक वेळा आपणच उघडून देतो. ते म्हणजे चेक. वसुलीचा माणूस घरी येतो, चहा घेतो, गोड बोलतो आणि म्हणतो, "काका, नुसता सिक्युरिटी म्हणून एक चेक द्या, टाकणार नाही." तो टाकतातच. तो वटला नाही की कलम १३८. बँकेची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप हप्ता कापायची संमती दिली असेल आणि तो परत गेला, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखाली जवळपास तसंच. म्हणून खात्यात पैसे नसताना चेकवर सही करू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

आपल्या मित्राने चेक दिला नव्हता, एवढं नशीब. पण दुसरंच काहीतरी झालं, आणि हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आज बोलायला उभं राहण्याचं खरं कारण तेच आहे. जो माणूस फोनवर सगळ्यात जास्त ओरडायचा, त्याला तो दर महिन्याला तीन हजार, पाच हजार पाठवायचा. बायकोची बांगडीही त्यातच गेली. आणि याच काळात कोर्टातून आलेलं एक पाकीट टीव्हीच्या खाली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात न फोडता पडून होतं. फोनला तो घाबरला होता, कागदाला नाही. घाबरायचं असेल तर ते नेमकं उलट हवं होतं. फोनला तारीख नसते. कागदाला असते.

त्या पाकिटात समरी सूट म्हणजे संक्षिप्त दाव्याचं समन्स होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली लेखी कराराच्या आधाराने असा दावा टाकता येतो. यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर दाव्यातलं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरलं जातं आणि बँक हुकूमनामा मागू शकते. नोंदवली तर बँक पुढचं समन्स काढते आणि मग बचावाची परवानगी मागायला आणखी दहा दिवस मिळतात. साध्या दाव्यात कैफियत द्यायला तीस दिवस असतात, कोर्टाच्या परवानगीने नव्वदपर्यंत जाता येतं. संक्षिप्त दाव्यात तो श्वास घ्यायला वेळ नसतो. त्याच्या मुलीने दिवाळीच्या साफसफाईत ते पाकीट फोडलं, तेव्हा दहापैकी सात दिवस उलटले होते. आठव्या दिवशी ती त्याला माझ्याकडे घेऊन आली. तो स्वतः आला नसता.

बेलीफाला परत पाठवणं, "साहेब घरी नाहीत" म्हणून सांगणं, रजिस्टर पत्र नाकारणं, याने काही साधत नाही. नाकारलेलं समन्स कोर्ट मिळालेलं धरू शकतं. खरं समन्स ओळखायचं कसं? त्यावर कोर्टाचं नाव असतं, दाव्याचा क्रमांक असतो, आणि सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असला की ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकून घरबसल्या खातरजमा होते. व्हॉट्सॲपवर तीन सिंहांची मुद्रा आणि लाल अक्षरांत 'अंतिम अटक नोटीस' येते, ती कुणाच्या तरी संगणकावर बनवलेली असते. वकिलाची नोटीस ही तिसरीच गोष्ट. ती कोर्टाचा हुकूम नव्हे, पण तिला उत्तर द्यावं, आणि उत्तरात रकमेचा हिशेब मागावा.

लवादाची पत्रं हल्ली फार येतात. शेकडो मैलांवरच्या शहरातून कुणी लवाद लिहितो की अमुक तारखेला ऑनलाइन हजर राहा. कार्डाच्या करारातल्या बारीक अक्षरांत लवादाचं कलम असतं, म्हणून हे येतं. वादात ज्याचा स्वतःचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलंय. तेव्हा "ही नेमणूक मला मान्य नाही" अशी हरकत लेखी पाठवून पोच जपून ठेवा. पत्र फेकून मात्र देऊ नका. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो आणि त्याला आव्हान द्यायला मुळात तीनच महिने असतात.

मित्राच्या दाव्यात आम्ही आधी पूर्ण खातेउतारा मागितला. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार न भरलेले आकार आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, आणि उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच लागतो, पूर्ण बिलावर नाही. उतारा तपासला, फरक निघाला. किती निघाला ते सांगत नाही, पण बोलणी सुरू व्हायला तेवढा पुरला. मग प्रकरण लोकअदालतीत गेलं आणि हप्त्यांवर मिटलं.

लोकअदालतीबद्दल दोन वाक्यं. तिथे तुमच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही, पण एकदा सही झाली की तो निवाडा दिवाणी हुकूमनामा ठरतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून घाईत, चल रे सुटलो एकदाचा, अशा मनःस्थितीत मोठा हप्ता कबूल करू नका. मित्र आठ हजार म्हणत होता, मी त्याला पाचावर थांबवलं. हप्ता चुकला तर थेट वसुली सुरू होते, पुन्हा दावा लागत नाही.

कोर्टाबाहेर बँकेशी तडजोड होत असेल, तर आधी पत्र, मग पैसे. पत्र बँकेचं हवं, एजन्सीचं नव्हे. त्यात कार्ड, रक्कम, तारखा आणि यानंतर काही बाकी राहणार नाही हे स्पष्ट हवं. पैसे कार्डाच्या खात्यातच जावेत, कुणाच्या खासगी यूपीआयवर नाही. मित्राने ओरडणाऱ्या माणसाला दिलेल्या पैशांपैकी काही बँकेच्या उताऱ्यात दिसतच नाहीत, त्याची तक्रार अजून चालू आहे. आणि अशी तडजोड झाली की सिबिलच्या अहवालात 'सेटल्ड' लागतं, 'क्लोज्ड' नाही. पुढे गृहकर्ज मागायला गेलात की तो शब्द बरीच वर्षं आडवा येतो. ज्याला शक्य आहे त्याने पूर्ण भरून 'क्लोज्ड' करून घ्यावं. ज्याला नाही, त्याने 'सेटल्ड'ला लाजू नये.

मुदतीचा प्रश्न मला दर आठवड्याला विचारतात. "तीन वर्षं गप्प बसलं तर कर्ज बुडतं ना रे?" दावा टाकायची मुदत तीन वर्षांची आहे हे खरं. पण मुदत संपायच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिलीत तर ती नव्याने सुरू होते, आणि ईमेलमधली कबुलीही न्यायालयांनी ग्राह्य धरली आहे. शिवाय तीन वर्षं फोन उचलायचे नाहीत, व्याज वाढत राहणार आणि सिबिल खाली जाणार, हे सोसण्यापेक्षा तडजोड स्वस्त पडते. आणि घेतले तर द्यायला हवेतच, हे मी वकील असूनही म्हणतो.

हुकूमनामा झालाच तर घरातलं काय जाईल, ही भीती मोठी असते, विशेषतः घरच्या बाईला. कलम ६० वाचण्यासारखं आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, म्हणजे आपलं मंगळसूत्र, जप्त करता येत नाहीत. कारागिराची हत्यारं नाहीत, पेन्शन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित. राहतं घर मात्र साधारणपणे या यादीत नाही, हेही सांगायला हवं. आणि एक खाचखळगा: ज्या बँकेचं कार्ड थकलंय त्याच बँकेत पगार किंवा पेन्शन जमा होत असेल, तर करारातल्या अटींवर बोट ठेवून बँक तिथली शिल्लक अडवायला बघते. जमा दुसरीकडे वळवण्याची सोय असेल तर वेळीच वळवा.

आपण पंचावन्नाच्या पुढचे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं पुण्यात, बेंगळुरूत नोकरीला आहेत, त्यांच्या खिशात तीन-तीन कार्डं आहेत. उद्या वसुलीचा फोन तुम्हाला येईल: "तुमच्या मुलाचं तुम्ही भरा." सज्ञान मुलाच्या देण्याला बाप जबाबदार नाही, जामीन राहिला असेल तरच. मात्र तुमच्या कार्डावर मुलाला ॲड-ऑन कार्ड काढून दिलं असेल, तर ते देणं तुमचंच. उलट बाजूने, बाप गेला तर वारसाची जबाबदारी त्याला बापाकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच. बापाचं ऋण फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य, या जुन्या कल्पनेवर कोर्टात वसुली होत असे. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने तिच्यानंतरच्या कर्जांपुरतं तेही बंद केलं.

आणि मित्राबद्दल असा फोन तुम्हाला आला तर? रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, आणि कर्जदाराला चारचौघांत अपमानित करण्यासाठी किंवा त्याच्या घरच्यांच्या, मित्रांच्या खासगीत शिरण्यासाठी काही करायचं नाही. म्हणजे तुम्हाला आलेले ते फोनच मुळात नियमाबाहेरचे होते. तेव्हा समोरच्याला त्याचं नाव, एजन्सी आणि बँक विचारा. निम्मे इथेच फोन ठेवतात. "माझा या व्यवहाराशी संबंध नाही, पुन्हा फोन करू नका," एवढं सांगा. मित्राचा पत्ता, त्याच्या मुलीचं कॉलेज, काही सांगू नका. नंबर आणि वेळ लिहून ठेवा आणि ते मित्राला पाठवा, ग्रुपवर नाही. तो बँकेकडे लेखी तक्रार करू शकतो. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तिथे पैसे लागत नाहीत, चौकशीचा नंबर १४४४८. तुमच्या टिपणाने त्याची तक्रार भक्कम होते. श्रावणातल्या फोनांच्या नोंदी तुमच्यापैकी तिघांनी मला दिल्या, त्या कामी आल्या. बाकीच्यांच्या फोनमध्ये अजून असतील तर आज पाठवा.

वकील परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, मदतीचा नंबर १५१००. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मैत्रिणींनो, हे लक्षात असू द्या, कारण बरीच कार्डं नवऱ्याने वापरलेली आणि बायकोच्या नावावरची असतात.

मित्राचं एक कार्ड मिटलं. दुसऱ्याची बोलणी चालू आहेत, तिसऱ्याच्या दाव्यात पुढच्या महिन्यात तारीख आहे. नोकरी लहानशी का होईना, लागली आहे. त्याचा नंबर बदललेला नाही.

जेवणानंतर मी खालच्या मजल्यावर, आपल्या जुन्या आठवी ब च्या वर्गात बसणार आहे. कुणाच्या घरी न फोडलेलं पाकीट असेल तर आज फोटो दाखवा, मूळ कागद उद्या कोर्टात घेऊन या. सोबत पाकीटही आणा, ते टाकून देऊ नका. टपालाचा शिक्का त्याच्यावर असतो आणि दिवस समन्स मिळाल्यापासून मोजायचे असतात.